कर भरताना नोकर, हक्क मागताना कंत्राटदार

लंडनमध्ये राहणाऱ्या एका तरुण मित्राने गेल्या महिन्यात आम्हाला त्याच्या आठवड्याच्या पगाराची स्लिप पाठवली. पोरगा नागपूरच्या इंदोऱ्यातला. शिकायला गेला, तिकडेच स्थिरावला, आता एका मोठ्या संस्थेच्या संगणक विभागात सॉफ्टवेअर तपासणीचे काम करतो. स्लिपखाली त्याने एकच ओळ लिहिली होती : "दादा, यात मालकाचा हिस्सा माझ्या खिशातून का गेलाय, तेवढं समजावून सांगा."

आधी कबूल करतो की हा विषय आम्हाला आमचा वाटला नव्हता. आठवड्याला दोन हजार पौंड दर असलेल्या माणसाच्या करासाठी चळवळीतल्या लोकांनी का झिजावे? इथे सफाई कामगाराला किमान वेतन मिळवून देताना नाकी नऊ येतात. आमच्यातल्या एका ज्येष्ठाने तर सरळ सांगितले, "श्रीमंतांचे रडगाणे आहे, सोडून द्या." पण स्लिप नीट वाचल्यावर आमचे मत बदलले. जी युक्ती या पोराच्या दोन हजारांवर चालते, तीच युक्ती तिकडच्या बदली शिक्षकाच्या आणि आरोग्यसेवेतल्या हंगामी कर्मचाऱ्याच्या तुटपुंज्या रकमेवरही चालते. ती युक्ती काय आहे ते समजून घेऊ.

मार्च १९९९ मध्ये गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना ब्रिटनच्या कर खात्याने एक पत्रक काढले. त्याचा क्रमांक आयआर ३५. पुढे कायद्यालाही लोक त्याच नावाने ओळखू लागले. एप्रिल २००० पासून तो लागू झाला. त्यामागची तक्रार खरी होती. माणूस शुक्रवारी नोकरी सोडायचा, स्वतःच्या नावाची लिमिटेड कंपनी काढायचा आणि सोमवारी त्याच टेबलावर 'सल्लागार' म्हणून येऊन बसायचा. काम तेच आणि साहेबही तोच. मात्र पगाराऐवजी कंपनीला फी मिळायची, तो थोडासा पगार आणि बाकीचा लाभांश घ्यायचा, आणि नॅशनल इन्शुरन्स नावाची सामाजिक सुरक्षेची वर्गणी वाचायची. त्याची वाचायची, आणि त्याहून जास्त मालकाची वाचायची. या दुसऱ्या वाक्याकडे लक्ष असू द्या.

कायद्याने सांगितले की मधली कंपनी क्षणभर बाजूला ठेवा. ती नसती तर हा माणूस नोकर ठरला असता का? ठरला असता तर त्याने नोकरासारखा कर भरावा. ठरवायचे कसे, याच्या कसोट्या १९६८ च्या रेडी मिक्स्ड काँक्रीट खटल्यापासून चालत आल्या आहेत. स्वतःऐवजी दुसरा माणूस कामाला पाठवता येतो का, काम कसे करायचे यावर हुकूम कोणाचा चालतो, आणि काम देण्याचे व घेण्याचे बंधन दोन्ही बाजूंवर आहे का. या तत्त्वाशी आमचे भांडण नाही. एकाच खोलीत एकच काम करणाऱ्या दोघांनी सारखाच कर भरावा. सरकारी दवाखाने आणि शाळा करावरच चालतात. कर चुकवणे हा स्वातंत्र्याचा हक्क आहे असे सांगणारी मंडळी तिकडेही आहेत, इकडेही आहेत. त्यांची वकिली आम्ही करणार नाही.

पहिली सतरा वर्षे हा निर्णय कंत्राटदाराने स्वतःच करायचा होता. साहजिकच बहुतेकांनी स्वतःला 'बाहेर' ठरवले. मग एप्रिल २०१७ पासून सरकारी संस्थांच्या बाबतीत, आणि एप्रिल २०२१ पासून खाजगी क्षेत्रातल्या मध्यम व मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत, निर्णय काम देणाऱ्याच्या हातात गेला. खाजगी क्षेत्राची तारीख खरे तर २०२० ची होती, कोरोनामुळे ती वर्षभर लांबली. लहान कंपन्यांना यातून सूट आहे, तिथे आजही कंत्राटदारच ठरवतो. निर्णय चुकला तर कराची वसुली काम देणाऱ्याकडून किंवा पैसे अदा करणाऱ्या एजन्सीकडून होणार, अशी ही नवी व्यवस्था आहे. याला ते ऑफ-पेरोल नियम म्हणतात.

वाचायला हे न्याय्य वाटते. जबाबदारी बलवानावर टाकली आहे ना! पण बलवान काय करतो? तो धोका पत्करत नाही, खाली ढकलतो. कायदा सांगतो की प्रत्येक कामाचा वाजवी काळजी घेऊन वेगळा विचार करा आणि कारणांसह लेखी निर्णय द्या. प्रत्यक्षात लंडनच्या मोठमोठ्या बँकांनी २०२१ च्या आधीच जाहीर केले की स्वतःच्या कंपनीमार्फत येणारा कंत्राटदार आम्हाला नकोच. इतर अनेकांनी सरसकट सगळ्यांना 'आत' ठरवले. आमच्या या मित्राच्या टीममध्ये एकाच दिवशी सगळ्यांना एकाच मजकुराचे पत्र आले, फक्त वरचे नाव बदलले होते. याच संस्थेने तीन वर्षे त्याला 'बाहेर' मानले होते. काम बदलले नाही, खुर्चीही बदलली नाही. नवे कंत्राट करताना त्याची ओळख तेवढी बदलली.

निर्णय मान्य नसेल तर तक्रार करता येते. ती ऐकणार कोण? ज्याने निर्णय दिला तोच. पंचेचाळीस दिवसांत त्याने उत्तर द्यायचे. "आम्ही फेरविचार केला, निर्णय योग्य आहे" एवढे लिहिले तरी उत्तर झाले. त्याच्यावर स्वतंत्र अपील नाही.

कर खात्याने यासाठी इंटरनेटवर एक प्रश्नावली ठेवली आहे, सेस्ट नावाची. काम देण्याघेण्याचे परस्पर बंधन ही तिसरी कसोटी ती नीट विचारतच नाही, ते बंधन असतेच असे गृहीत धरून पुढे जाते. बरे, सरकारला तरी आपला कायदा कळला का? ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले की हे नियम चुकीचे लावल्यामुळे केंद्र सरकारच्याच खात्यांवर २०२०-२१ मध्ये २६.३ कोटी पौंडांचा जादा कर बसला किंवा बसण्याची शक्यता होती. त्यात कामगार व निवृत्तिवेतन खात्याचे एकट्याचे ८ कोटींहून जास्त. कायदा करणाऱ्यांना जिथे आत आणि बाहेर ओळखता आले नाही, तिथे एखादी खाजगी कंपनी सरसकट शिक्का मारून मोकळी झाली तर नवल नाही. आणखी एक गंमत. चूक सापडली की कर पुन्हा पूर्ण वसूल व्हायचा, कंत्राटदाराच्या कंपनीने आधी भरलेला कर वजा होत नसे. ती वजावट मिळू लागली एप्रिल २०२४ पासून. म्हणजे सात वर्षे एकाच कमाईवर दोनदा कर बसण्याची भीती कंपन्यांच्या डोक्यावर होती, आणि ती भीती त्यांनी कंत्राटदाराच्या दरातून वसूल केली.

आता स्लिपकडे येऊ. 'आत' ठरलेल्या माणसाला बहुतेक एजन्सी सांगतात की तुझी कंपनी बंद कर, अम्ब्रेला कंपनीत ये. अम्ब्रेला म्हणजे छत्री. ही कंपनी त्याला कागदोपत्री नोकरीवर ठेवते, एजन्सीकडून पैसे घेते, कर कापते आणि उरलेले त्याला देते. ती काम देत नाही, काम शिकवत नाही, कामावर देखरेखही करत नाही. पावसात कोणाच्या डोक्यावर धरलेली छत्री आहे हे आकड्यांवरून कळेल. हे आकडे २०२५-२६ च्या दरांनी आम्ही स्वतः बसून मांडले आहेत.

दर रोज ४०० पौंड, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे २,००० पौंड. छत्रीवाल्याची फी साधारण २५. मग नॅशनल इन्शुरन्समधला मालकाचा हिस्सा, १५ टक्क्यांनी सुमारे २४४. मग उमेदवारी प्रशिक्षणाचा उपकर, तोही मालकावरचाच, साडेआठ पौंड. एवढे गेल्यावर उरले १,७२२. याला 'एकूण पगार' असे नाव. या पगारावर पुन्हा नोकराचा प्राप्तिकर साधारण ४४७ आणि नोकराचा नॅशनल इन्शुरन्स ७३. हातात आले सुमारे १,२००. पेन्शनमधला मालकाचा हिस्सा धरला तर तोही याच दोन हजारांतून जातो.

म्हणजे मालकाची वर्गणी या माणसाने भरली आणि नोकराची वर्गणीही यानेच भरली.

इथे कोणी विचारेल, हे कायद्यात बसते का? ब्रिटनच्या १९९२ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात स्पष्ट मनाई आहे की मालकाने आपली वर्गणी नोकराच्या वेतनातून कापू नये. मग हे कसे चालते? तर २,००० हे 'वेतन' नाहीच असे मानले जाते. तो एजन्सी आणि छत्रीवाला यांच्यातला 'कामाचा दर'. मालकाचे सगळे देणे त्यातून काढून घेतल्यावर जे उरते, तेच वेतन. कापणी आधी आणि नाव नंतर. वेतनातून कापायचे नाही ना? मग कापून झाल्यावरच त्याला वेतन म्हणा! कायद्याचे अक्षर शाबूत राहिले आणि पैसे गेले. आपल्याकडच्या कोणत्याही ठेकेदाराला ही अक्कल आवडेल.

आणि सुट्टीचा पगार? तो स्लिपवर दिसतो, सुमारे १८५ पौंड. पाहून बरे वाटते. पण तो त्याच १,७२२ मधला आहे. त्याच्याच भाकरीचा तुकडा मोडून त्यालाच वेगळ्या ताटात वाढला आहे.

हे झाले छत्रीखालचे. जो 'आत' ठरूनही आपली लिमिटेड कंपनी ठेवतो, त्याची अवस्था आणखी विचित्र. त्याच्या फीमधून नोकरासारखा कर कापला जातो, पण काम देणारी संस्था त्याला आजारपणाचा पगार देत नाही, भरपगारी रजा देत नाही, नोटीस न देता घरी पाठवू शकते. करासाठी तो नोकर 'मानलेला' आहे, खरा नोकर नाही. त्याची वर्गणी सरकारी निवृत्तिवेतनाच्या खात्यात जमा होते हे मान्य, पण कामाच्या जागी त्याला उभे राहायला काही आधार नाही. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनच्या उमराव सभागृहाच्या समितीने नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले होते : नोकरीचे हक्क नाहीत आणि कर मात्र नोकराचा. त्यानंतरही नियम जसेच्या तसे लागू झाले.

आमचा मुद्दा एवढाच आहे. जो कायदा एका हाताने माणसाला नोकर ठरवतो, त्याने त्याच क्षणी दुसऱ्या हाताने नोकराचे हक्क दिले पाहिजेत, आणि मालकाचा हिस्सा मालकाच्या खिशातून काढला पाहिजे. कर कायद्यातला 'नोकर' आणि कामगार कायद्यातला 'नोकर' ही दोन वेगळी माणसे ठेवण्यात कोणाचा फायदा आहे? सरकारला वर्गणी मिळते. काम देणाऱ्याला रजा, आजारपण, नोटीस, भरपाई यांतून सुटका मिळते. मधल्याला फी मिळते. आयआर ३५ आला तो मालकाची वर्गणी बुडते म्हणून. पंचवीस वर्षांनी ती वर्गणी भरतो कोण? मालक नाहीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथे संन्यासी थोडाफार दोषी होता हे मान्य करूनही आम्ही तसे म्हणतो.

ब्रिटनच्या कायद्याच्या पुस्तकात या नियमांना 'मध्यस्थांबाबतचे' नियम म्हटले आहे. हा शब्द वाचला आणि आम्हाला कोकण आठवले. खोती काय होती? सरकार आणि कुळ यांच्यामध्ये खोत. सरकारचा सारा सरकारला पोचवण्याची जबाबदारी त्याची, आणि कुळाकडून किती घ्यायचे यावर फारसा लगाम नाही. कसणारा कसत राहायचा, पण जमिनीवर त्याचा हक्क काय हे कागदावर दुसराच कोणी ठरवायचा. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात महारही होते आणि कुणबीही होते. त्याच्या दहा वर्षे आधी, १९२७ च्या अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्यावर टीका केली होती, की मोठा जमीनदार आणि तुकडाभर जमिनीचा धनी यांना तो एकाच दराने बसतो, ऐपत बघत नाही. वसुली सोपी जावी म्हणून मध्यस्थ नेमायचा आणि त्या सोयीची किंमत सर्वांत दुबळ्याकडून घ्यायची, हे आपण जवळून पाहिले आहे. लंडनच्या पोराची आणि रत्नागिरीच्या कुळाची गरिबी सारखी होती असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे त्या कुळाचा अपमान होईल. रचना तेवढी सारखी आहे.

मध्यस्थ मोकाट सुटला की काय होते याचे पुरावे तिकडे ढिगाने आहेत. काही छत्रीवाल्यांनी पगाराचा मोठा भाग 'कर्ज' म्हणून दाखवला, कर लागणार नाही अशी खात्री दिली. पुढे २०१९ मध्ये 'लोन चार्ज' लावून त्या कर्जांवरचा कर मागितला गेला, तोही प्रामुख्याने काम करणाऱ्यांकडून. त्यांत परिचारिका होत्या, समाजसेवक होते. गोष्ट आत्महत्यांपर्यंत गेली, संसदेत चर्चा झाली. योजना विकणारे बहुतेक आपल्या घरी सुखरूप. दुसरा प्रकार मिनी-अम्ब्रेलाचा. हजारो चिमुकल्या कंपन्या काढायच्या, लहान मालकांसाठीची वर्गणीतली सवलत प्रत्येकीने उकळायची, आणि संचालक म्हणून फिलिपाइन्समधल्या गरीब लोकांची नावे टाकायची. दोन खंडांतल्या गरजूंना एकमेकांचा पत्ता नाही, आणि दोघांच्या नावावर तिसराच कमावतो.

२०२४ च्या अर्थसंकल्पात ब्रिटिश सरकारने जाहीर केले की एप्रिल २०२६ पासून छत्रीवाल्याने कर बुडवला तर जबाबदारी एजन्सीवर येईल. चांगले आहे. पण यात सरकारचा बुडणारा कर वाचला. कामगाराच्या दरातून जाणाऱ्या २४४ पौंडांबद्दल त्यात शब्द नाही.

निवडीचे स्वातंत्र्य हा या मंडळींचा आवडता शब्द. "नको असेल तर नोकरी कर, कोणी अडवले आहे?" आमच्या मित्राने निवडी मोजून पाहिल्या. कायमची नोकरी घ्यावी तर त्याच संस्थेने भरती थांबवलेली. लहान कंपनीकडे जावे तर तिथे 'बाहेर' राहता येते, पण कामे थोडी आणि मागणारे फार. दर वाढवून मागावा तर एजन्सीकडे दहा माणसे रांगेत. ज्यांच्याकडे दुर्मीळ कौशल्य आहे त्यांनी २०२१ नंतर दर वाढवून घेतलेही. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी कपात सोसली, काहींनी धंदाच सोडला. त्या वर्षी ब्रिटनमध्ये ट्रकचालकांचा तुटवडा पडला, तेव्हा त्याच्या कारणांत हे नियमही मोजले गेले. बदली शिक्षकाला तर अनेकदा विचारलेही जात नाही, छत्रीवाल्याच्या फॉर्मवर सही केली तरच शाळेचे नाव कळते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला निवड म्हणायचे का?

राजकारण्यांनी काय केले तेही सांगतो, थोडक्यातच. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अर्थमंत्री क्वार्टेंग यांनी २०१७ आणि २०२१ चे दोन्ही बदल रद्द करण्याची घोषणा केली. कंत्राटदारांनी पेढे वाटले असतील. १७ ऑक्टोबरला नव्या अर्थमंत्र्यांनी, जेरेमी हंट यांनी, ती घोषणा मागे घेतली. चोवीस दिवस! पण रद्द झाले असते तरी प्रश्न सुटला नसता असे आमचे मत आहे. पुन्हा जुनीच सोय, मालकाची वर्गणी वाचवणारी. कंत्राटदारांच्या संघटना 'रद्द करा' एवढेच मागतात आणि तिथेच चुकतात. 'आत म्हणता ना? मग आतल्याचे हक्क द्या' ही मागणी त्यांनी लावून धरली असती, तर बदली शिक्षक आणि ट्रकचालक त्यांच्या बाजूने उभे राहिले असते. संगणकवाला स्वतःला व्यावसायिक समजतो, कामगार म्हणवून घ्यायला लाजतो. ही लाज आपल्या पुण्या-मुंबईच्या पोरांतही आहे.

मार्ग नाही असेही नाही. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांना 'वर्कर' ठरवले, आणि कंत्राटाच्या कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्ष संबंध काय आहे हे पाहिले. कागद बलवानाने लिहिलेला असतो, हे न्यायालयाने ओळखले. आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या २,७०० सफाई कामगारांना २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून कायमपण मिळाले तेही असेच. कागदावर ते ठेकेदाराचे होते, झाडू मात्र महापालिकेच्या रस्त्यावर चालत होता. दोन्ही ठिकाणी एकेकटा माणूस लढला नाही, मागे युनियन होती.

म्हणून त्या पोराला आम्ही तीन गोष्टी कळवल्या. एजन्सीने दरातून काय काय कापले जाणार याचा लेखी तपशील सुरुवातीलाच देणे एप्रिल २०२० पासून बंधनकारक आहे, तो मागून घे. 'आत' ठरवण्याची कारणे लेखी माग आणि पंचेचाळीस दिवसांची तक्रार नोंदव. ती फेटाळली जाईल, तरी नोंदव, कागद झाला पाहिजे. आणि ज्यांना त्याच मजकुराचे पत्र आले त्या सगळ्यांना एका संध्याकाळी एकत्र बसव.

काल त्याचा निरोप आला. तपशील मिळाला, तक्रार गेली. बैठकीला अकरापैकी चार जण आले. बाकीच्यांनी सांगितले, कंत्राट जानेवारीत संपतेय, आत्ता नको.